दवाखाने वाढले, मग गावातल्या आरोग्य कार्यकर्तीचं काम संपलं का?



मी बचत गटांची समन्वयक. गावोगावच्या बैठकांना जाते, वह्या तपासते, कर्ज आणि परतफेडीचा हिशोब बघते. या वह्यांमधून गावाची तब्येत कळते बरं का! कर्ज कशासाठी घेतलं, असा एक रकाना असतो. त्यात शेळी असते, शिलाई मशीन असतं, मुलांची फी असते. आणि पानापानावर एक शब्द भेटतो, तो म्हणजे आजारपण. शेळीचं कर्ज शेळीच फेडते. शिलाई मशीनचं कर्ज मशीन फेडतं. आजारपणाचं कर्ज मात्र आपल्याला मजुरी करून फेडावं लागतं.

म्हणून आज मी आरोग्याच्या कामाबद्दल बोलणार आहे. रोगांबद्दल डॉक्टर बोलतील. मला बोलायचंय ते गावासाठी हे काम करणाऱ्या संस्थांबद्दल आणि कार्यकर्त्या बायांबद्दल. एका ग्रामसंघाच्या बैठकीत एक वहिनी म्हणाल्या, "ताई, आता तालुक्याला दवाखान्यांची रांग लागलीय. लॅब आहे, सोनोग्राफी आहे, फोन केला की १०८ दारात येते. मग आपण दर महिन्याला बीपी मोजत, वजनं करत कशाला बसायचं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याआधी मोठमोठ्या संस्थांपुढेही तो आला. त्यांनी काय केलं, ते बघू या.

पहिलं नाव घेते जामखेडचं. आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं तिथे आलं. दोघांनीही परदेशात शिक्षण घेतलं होतं. मनात आणलं असतं तर शहरात मोठं हॉस्पिटल काढता आलं असतं. ते आले तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. म्हणजे दर सहा पाळण्यांमागे एक पाळणा रिकामा होत होता.

त्यात १९७२ चा दुष्काळ पडला. आपल्या सासूबाईंना, आजीला विचारा, त्या सांगतील खडी फोडायला गेल्याच्या गोष्टी. लोकांना औषधाच्या आधी पाणी हवं होतं, पोरांच्या पोटात घास हवा होता. तेव्हा या डॉक्टरांनी विंधनविहिरी आणि लहान मुलांचं जेवण ही कामं हाती घेतली. डॉक्टरकीच्या पुस्तकात हे नव्हतं. पण गावाची गरज ती होती, म्हणून संस्थेने आपलं काम गरजेप्रमाणे बदललं.

पुढे गावात कोणी राहायचं, हा प्रश्न आला. आधी शिकलेल्या नर्सबाईंना गावात पाठवून पाहिलं. ते काही रुजलं नाही. बाहेरून आलेली तरुण मुलगी, तिची भाषा वेगळी, राहणी वेगळी. म्हाताऱ्या बाया तिचं ऐकेनात. मग ठरलं की गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिला शिकवायचं. अशा कितीतरी बाया पुढे आल्या. बऱ्याचजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. काही दलित वस्तीतल्या होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या नेमाने जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि गावात जाऊन शिकलेलं दुसरीला सांगायच्या. पोराला जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपणाला हात कसे धुवायचे, नाळ कशाने कापायची, क्षय आणि कुष्ठरोग कसा ओळखायचा. सोबत गावात महिला मंडळं आणि शेतकरी मंडळं उभी राहिली. नव्वदच्या दशकात तिथला बालमृत्यूचा आकडा हजारी तिसाच्या आत आला होता. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आकडा खाली आणला तो या गावातल्या बायांनी, हे ते डॉक्टरही सांगायचे.

आता खरी गोष्ट पुढे आहे. ही पद्धत इतकी पटली की सरकारनेही तसा विचार केला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगाव आशाताई आल्या. त्याच वर्षी जननी सुरक्षा योजना आली. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण, जाणं-येणं सगळं मोफत झालं. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ धावू लागली. घरातली बाळंतपणं कमी होत गेली.

जरा विचार करा, ज्या बाईने आपल्या हाताने शेकडो बाळंतपणं केली, तिला काय वाटलं असेल? गावात तिचा मान होता तो या कामामुळे. एखादी म्हणाली असती, नको ते हॉस्पिटल, माझ्याकडेच या. पण अडलेल्या बाईला रक्त लागलं तर ते हॉस्पिटलातच मिळतं. म्हणून ते काम सोडणं हेच शहाणपणाचं होतं. आणि काम सोडलं म्हणून त्या रिकाम्या बसल्या नाहीत. रोगही बदलले होते. पूर्वी जुलाब, क्षय, कुष्ठरोग होते. आता घराघरात बीपी आहे, शुगर आहे, छातीत गाठ आहे, मनाचे आजार आहेत. जामखेडच्या कार्यकर्त्या बीपी मोजायला शिकल्या, मधुमेहाबद्दल बोलायला लागल्या. आणि संस्थेकडे जे ज्ञान साठलं होतं, तेच तिने दुसऱ्यांना द्यायला घेतलं. आज देशातून आणि परदेशातून माणसं जामखेडला शिकायला येतात. त्यांना शिकवायला डॉक्टरांच्या बरोबरीने या गावातल्या बाया असतात.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी माणसाला मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटते, हे त्यांनी लोकांशी बोलून समजून घेतलं. मग दवाखाना बांधला तो आदिवासी घरांसारख्या झोपड्यांचा. नाव दिलं माँ दंतेश्वरी, म्हणजे लोकांच्या देवीचं. आजारी माणसाला दवाखाना आपला वाटला पाहिजे, हे त्यांनी ओळखलं.

तिथे नवजात बाळं फार दगावत होती. मग गावातल्या बायांना शिकवलं आणि त्यांना आरोग्यदूत म्हटलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, ऊब कशी द्यायची ते दाखवायच्या, जंतुसंसर्ग ओळखायच्या, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायच्या. गावातली बाई इंजेक्शन देते म्हटल्यावर पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. पण बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, आणि १९९९ साली हे काम 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. २०११ साली हीच पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात घेतली गेली. आज आपल्या गावची आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळीसाव्या दिवशी येते ना, ते मूळ गडचिरोलीतल्या या कामात आहे.

आपलं काम सरकारने उचललं, मग संस्थेने गाशा गुंडाळायचा का? सर्चने तसं केलं नाही. त्यांनी लोकांना विचारलं, आता त्रास कशाचा? उत्तर आलं दारूचं, तंबाखूचं, लकव्याचं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी चोरून मिळतेच. मग २०१६ पासून दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी 'मुक्तिपथ' हे अभियान सुरू झालं. बाळाचं काम आशाताईंच्या हातात गेलं आणि संस्था पुढच्या दुखण्याकडे वळली.

तिसरं उदाहरण शेजारच्या गुजरातचं. इलाबेन भट यांची 'सेवा' ही कष्टकरी बायांची संघटना आपल्याला माहीत आहे. त्यांच्याही लक्षात आलं की बायांची कमाई आजारपणात जाते, आणि त्यातला मोठा भाग औषधांवर जातो. १९९० साली बायांनी आरोग्याची सहकारी मंडळी काढली, नाव लोकस्वास्थ्य. अहमदाबादेत औषधांची दुकानं चालवली. बाजारात बाकीची दुकानं असताना यांच्याकडे गिऱ्हाईक का आलं? कारण औषध स्वस्त होतं आणि नको असलेलं औषध कोणी गळ्यात मारत नव्हतं. स्पर्धा करायचीच असेल, तर ती अशी रास्त भावाची आणि सचोटीची.

तीन ठिकाणं, तीन तऱ्हा. पण मला त्यातून एकच गोष्ट दिसते. जे काम दुसरा आपल्यापेक्षा चांगलं करतो, ते त्याला मोकळ्या मनाने द्यावं. आणि जे काम करायला कोणीच तयार नाही, ते आपण घट्ट धरावं.

असं काम कोणतं उरलंय? मला विचाराल तर समजावून सांगायचं काम. घरी जाऊन, शेजारी बसून, आपल्या भाषेत. दवाखान्यात तपासणीचे पैसे पडतात, ऑपरेशनचे पडतात. "बाई, तुला ऑपरेशनची गरज नाही, गोळ्यांनी बरं वाटेल," हे सांगायचे पैसे कोणाला मिळतात? "गोळी अर्ध्यावर सोडू नकोस," म्हणून तिसऱ्यांदा घरी जायचे पैसे कोण देतं? ते काम आपुलकीचं माणूसच करतं.

मी खासगी डॉक्टरांच्या विरोधात बोलत नाही हं. रात्री दोन वाजता दार उघडणारे, गरिबाचे पैसे सोडून देणारे डॉक्टर मी पाहिलेत. पण दवाखाने जास्त आणि पेशंट तेवढेच झाले की ओढाताण होते, आणि त्यात आपण सापडतो. जामखेडला लागूनच बीड जिल्हा आहे. तिथे ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. सरकारने समिती नेमली. पाहणीत ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. त्यात कित्येकजणी तिशी-पस्तिशीच्या. पाळी आली की कामाचा खाडा होतो आणि मुकादम पैसे कापतो, हे एक कारण. आणि पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, ही घातलेली भीती दुसरं. मग खासगी दवाखान्यांनी असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम त्या जिल्ह्यात करावा लागला.

बायांनो, त्या जिल्ह्यात डॉक्टर होते, दवाखाने होते, सोनोग्राफीची मशिनंही होती. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या बाईच्या शेजारी बसून "थांब, आपण दुसरीकडे विचारू," असं म्हणणारं कोणी नव्हतं.

असं म्हणणारं कोणी असलं तर काय होतं, तेही सांगते. आमच्या एका गटातली सदस्य, वय ३४. एका मोफत शिबिरात तिला सांगितलं की पिशवीला सूज आहे, आठ दिवसांत काढावी लागेल. तिने गटाकडे चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. गटाच्या सचिव म्हणाल्या, "पैसे देऊ, नाही म्हणत नाही. पण आधी एकदा उपजिल्हा रुग्णालयात दाखवू." आशाताई आणि सचिव दोघी तिच्यासोबत गेल्या. तपासणी झाली. जंतुसंसर्ग निघाला. तिथल्या बाई डॉक्टरांनी दोघा नवराबायकोला गोळ्यांचा कोर्स दिला, पुन्हा बोलावलं आणि तपासलं. ऑपरेशन लागलं नाही. तिची पिशवी वाचली आणि चाळीस हजारही वाचले. पुढच्या वर्षी तिने कर्ज घेतलं ते दोन शेळ्यांसाठी.

कधी कधी ऑपरेशन खरंच लागतं. गाठ मोठी असते, रक्तस्राव थांबत नाही, कॅन्सर असतो. तेव्हा उशीर करणं जिवावर बेतेल. म्हणून मी ऑपरेशन टाळा असं म्हणत नाही. तातडीचं नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, एवढंच म्हणते. विचारल्याने कोणा डॉक्टरचा अपमान होत नाही. शरीर आपलं आहे. विशेषतः पिशवीसोबत बीजकोषही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हे सही करण्याआधी आपल्याला कळायला हवं.

आता आपल्या गटांनी आणि ग्रामसंघांनी काय करायचं? चार गोष्टी सांगते.

पहिली. दर महिन्याच्या बैठकीत बीपी मोजणं सोडू नका. बीपीला कळ नसते, ते दुखत नाही, म्हणून बाई दवाखान्यात जात नाही आणि एक दिवस लकवा होतो. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे पुन्हा पुन्हा येत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा. गोळ्या तिथे मोफत मिळतात. गोळी सुरू झाली की वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत विचारा, घेतेस ना? दवाखाना चिठ्ठी लिहून देतो. ती गोळी रोज पोटात जाते की नाही, हे शेजारणीलाच ठाऊक असतं.

दुसरी. आजारपणाच्या मोठ्या कर्जाला एक नियम लावा. तातडीचं असेल तर तिथल्या तिथे पैसे द्या, प्रश्न नकोत. पण सांगितलेलं ऑपरेशन चार दिवस थांबण्यासारखं असेल, तर आधी सरकारी दवाखान्यातला सल्ला, मग कर्ज. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते ऑपरेशन बसतं का, हे योजनेच्या यादीतल्या दवाखान्यात जाऊन आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या. जे मोफत होऊ शकतं, त्यासाठी गटाचं व्याज कशाला भरायचं?

तिसरी. आशाताईला एकटी पाडू नका. ती गावचीच बाई आहे. तिला कामाप्रमाणे मोबदला मिळतो, आणि तो वेळेवर मिळावा म्हणून आशांना संपही करावे लागलेत. काही ठिकाणी मी बघते, गट एकीकडे, आशा दुसरीकडे, संस्थेची ताई तिसरीकडे, आणि तिघी एकाच बाळंतिणीच्या दारात. नाहीतर तिघींपैकी एकही नाही. महिन्यातून एकदा तिघी एकत्र बसा. कोणत्या घरी गरोदर बाई आहे, कोणाचं बाळ अशक्त आहे, कोण गोळ्या सोडून बसलंय, याची वाटणी करा.

चौथी. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती असते. लांबलचक नाव आहे, पण तिच्यात बायांना जागा आहे आणि गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करायला तिला अबंधित निधी मिळतो. तुमच्या गावात ती समिती शेवटची कधी बसली? सदस्य कोण? विचारा. पैसा कशावर गेला, तेही विचारा. हिशोब विचारायची सवय आपल्याला बचत गटाने लावली आहे. ती इथेही कामाला येईल.

आणि वर्षातून एकदा सगळ्याजणींनी बसून स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. आपण करतोय त्यातलं कोणतं काम आता दुसरं कोणी नीट करतंय? आणि गावातलं कोणतं दुखणं आहे, ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही? कदाचित उत्तर येईल, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. पोरं पुण्या-मुंबईला, आणि आजीला डोळ्याने दिसत नाही. कदाचित उत्तर येईल, वयात आलेल्या मुलींचं रक्त कमी आहे. कदाचित एखादी हळूच म्हणेल, मला झोपच लागत नाही, सारखं रडू येतं. उत्तर येईल ते आपलं पुढचं काम.

जामखेडची एक आरोग्य कार्यकर्ती अमेरिकेत मोठ्या सभेत बोलली होती. तिने तिथल्या छतावरच्या झुंबराकडे बोट दाखवलं, आणि आपल्याला साध्या दिव्याची उपमा दिली. झुंबर लखलखतं, पण महाग असतं आणि जागचं हलत नाही. पणती घरोघरी नेता येते आणि एका पणतीवरून दुसरी लावता येते. तालुक्यात झुंबरं वाढताहेत. वाढू देत की! आपल्याला ती लागणारच आहेत. पण झुंबराचा उजेड आपल्या वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचत नाही. त्या घरी कोणीतरी पणती घेऊन जायला हवं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वही उघडाल तेव्हा आजारपणाच्या कर्जाच्या नोंदी वेगळ्या काढा. गेल्या वर्षभरात किती झाल्या, किती रुपये गेले, आणि त्यातलं काय योजनेतून मोफत झालं असतं, ते मोजा. हा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याच्यासमोर बसून बोला.

काळजी घ्या, एकमेकींची विचारपूस करत राहा. नमस्कार.